तोमीच्या बोटाची खाच

हायामिझु-सान किनुएच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात आले की आधी हात धुवायचे. दारावरची घंटी किणकिणली, बूट झटकले, की सरळ मागच्या बाजूला, चहाची भांडी विसळायच्या बेसिनपाशी. साबण लावून मनगटापर्यंत हात धुवायचे, रुमालानं कोरडे करायचे आणि मग बॅगेतून पांढरे सुती हातमोजे काढून चढवायचे. निवृत्त दंतवैद्य होते. पण लोकांचे दात उपटतानाही त्यांनी एवढी तयारी केली असेल की नाही, याची किनुए ओरिहाराला शंकाच होती.

"आज फक्त बघणार," ते म्हणाले.

"तुम्ही दर वेळी फक्त बघताच," किनुए म्हणाली. "बघून बघून झिजेल हो ती."

ते ओसाकाहून यायचे, गाड्या बदलत बदलत, आणि येताना अझुकी या लाल कडधान्याच्या गोड सारणाची मिठाई आणायचे. आवळा देऊन कोहळा काढायची ही रीत किनुएला एव्हाना पाठ झाली होती. मिठाई मात्र खरंच चांगली असायची, म्हणून ती नाही म्हणायची नाही. तिनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा खोका काढला. गुडघे कुरकुरले. बासष्टाव्या वर्षी स्टूलसुद्धा डोंगर होतं.

खोक्यात होती एक 'कामोशिका'. टेबल टेनिसची नुसती लाकडी बॅट, रबर न लावलेली; खेळणारे तिला ब्लेड म्हणतात. पेन धरतात तशी धरायची, म्हणून मूठ आखूड आणि बुचाची. बाहेरून किसो खोऱ्यातलं हिनोकी लाकूड, मऊ आणि लिंबासारख्या वासाचं. त्याच्या खाली, कागदाइतक्या पातळ थरात, कार्बन आणि आरिलेट अशा दोन धाग्यांचं विणलेलं कापड. कडेनं बघितलं की लाकडाच्या दोन थरांमध्ये ते काळ्या-पिवळ्या रेघेसारखं दिसायचं. या कापडाचा गुण असा, की चेंडू बॅटवरून सणसणत सुटतो, पण त्याचा झटका खेळणाऱ्याच्या कोपरापर्यंत पोचत नाही. तसं कापड विणणं पुढे बंद झालं, ज्या छोट्या कारखान्यात या बॅटा व्हायच्या तो कारखानाही बंद झाला, आणि मग जगभरच्या हौशी लोकांना अचानक उमाळे आले. असतं तेव्हा कुणी विचारत नाही, हे बॅटांनाही लागू आहे.

हायामिझु-सान यांनी ब्लेड कडांनी उचललं, डोळ्यांजवळ नेलं, रेघ न्याहाळली. मग एक चेंडू वरून अलगद सोडला आणि कान जवळ नेऊन डोळे मिटले. स्वच्छ, उंच आवाज आला.

"ऐकलंत? तसाच्या तसा. लाकूड जून होतं, पण हा धागा म्हातारा होत नाही."

"बरं आहे. कुणीतरी होऊ नये," किनुए म्हणाली.

"ओरिहारा-सान, महिनाअखेर दुकान बंद करताय. मग ही कुठे जाणार? माझ्याकडे काचेच्या कपाटात राहील. हवेतला ओलावा मोजून ठेवतो मी."

"तुम्ही कधी खेळलात का हो हिच्यासारखीनं?"

"मी? छे! मनगट जपायला लागायचं. धंदाच तसा."

"आता कुठे दात उपटायचे आहेत?"

"सवय," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा जी रक्कम म्हणाले, तिच्यात या दुकानाचं छप्पर बदलून वर हिवाळाभराचं रॉकेल आलं असतं.

"विकायची नाही. माझी नाहीच ती. तोमीची आहे."

"माहीत आहे. पण इतक्या वर्षांत त्या आल्या का?"

हे बोलणं जरा लागलं. किनुएनं खोक्याचं झाकण लावलं.

"गुरुवारी येतेय," ती म्हणाली.

हायामिझु-सान यांचा चेहरा पडला. ते सरोवराकाठच्या गरम झऱ्याच्या सरायीत उतरले होते. गुरुवारी ओसाकाला परतताना एकदा डोकावतो म्हणाले, खाली वाकून निरोप घेतला, आणि घंटी पुन्हा किणकिणली.

तोमी, म्हणजे तोमिको, आणि किनुए एकाच वयाच्या. ओकायाच्या एकाच लेन्सच्या कारखान्यात दोघी कामाला लागल्या, कारखान्याच्या संघातून जोडीनं खेळल्या आणि जोडीनंच सगळ्या प्रांताला रडवलं. तोमी डावखुरी. किनुए उजवी. टेबलाशी उभ्या राहिल्या की कुणी कुणाच्या पायात यायचं नाही. मग तोमीचं लग्न ईदाच्या एका सफरचंदाच्या बागवाल्याशी झालं, तरी ती आठवड्यातून एकदा गाडी पकडून यायची. किनुएनं लग्न केलं नाही. का नाही, हे गावानं विचारून विचारून शेवटी सोडून दिलं. वडील गेल्यावर तिनं हे दुकान घेतलं आणि मागच्या खोलीत एक टेबल मांडलं.

कामोशिका बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा दोघींनी शेवटच्या दोन घेऊन ठेवल्या. किनुएनं आपली वापरली, आणि वापरून वापरून मोडली. तोमीची मात्र उघडायची राहिली, कारण त्याच महिन्यात तिच्या सासूला झटका आला आणि अर्धं अंग गेलं. तोमी तेव्हा चव्वेचाळीसची. जाताना खोका किनुएच्या हातात देऊन म्हणाली होती, "तूच ठेव. परत आले की तुझ्या हातानं घडवून दे."

घडवून द्यायचं म्हणजे काय, ते पेनासारखी बॅट धरणाऱ्यांनाच ठाऊक. नवी बॅट हातात जशीच्या तशी कुणी घेत नाही. जिथे पहिलं बोट मुठीला विळखा घालतं तिथलं बूच आणि लाकूड कानशीनं घासायचं, अंगठा टेकतो तिथला खांदा उतरवायचा, पॉलिश पेपरनं मऊ करायचं. ज्याचं बोट त्याची खाच. एकाची बॅट दुसऱ्याला चालत नाही, आणि एकदा घासली की जमवणाऱ्यांच्या लेखी ती बाद. किनुएचे वडील या कामात नावाजलेले. त्यांचा नियम एकच होता: बोट समोर नसेल तर कानस हातात घ्यायची नाही. आणि काम संपलं की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हाताला बसलेली बॅट धरावी लागत नाही. मूठ सोडून बघा, पडते का." किनुए लहानपणी हे इतक्या वेळा ऐकायची की तिला त्याचा कंटाळा यायचा.

हिवाळ्यात तोमीची सासू वारली. किनुए काळे कपडे घालून जाऊन आली, पण त्या गर्दीत दोघींना धड बोलताही आलं नव्हतं. आणि परवा तोमीचा फोन आला, गुरुवारी येते म्हणून. एवढंच बोलली. किनुएला तेवढं पुरलं. तिनं त्याच दिवशी वसंतातल्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत दुहेरीसाठी दोघींची नावं देऊन टाकली. तिला आता आयुष्याकडून फार काही नको होतं. दुकान चाललं तेवढं चाललं. खांदा दुखतो, तो दुखणारच. पण एकदा, शटर ओढायच्या आधी, तोमीला डावीकडे घेऊन टेबलाशी उभं राहायचं होतं. एवढ्या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं उठत होती, दुकान उघडत होती आणि बंद करत होती.

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तसं कालही नव्हतं. बाहेर बाजारपेठेतली निम्मी शटरं कायमची खाली होती. किनुए स्टोव्हपाशी बसून त्या खोक्याकडे बघत राहिली आणि तिला हायामिझु-सानची रक्कम आठवली. मग पुन्हा आठवली. तिसऱ्यांदा आठवली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. ती उठली, खोका काढला, आणि खणातून तोमीची जुनी बॅट घेतली, चिरलेली, काळवंडलेली, पण खाच जशीच्या तशी. समोर नमुना असताना बोट कशाला हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला?

तिनं कानस लावली. हिनोकीचा वास दुकानभर पसरला. बुचाचा भुसा मांडीवर पडत गेला. जुनी बॅट बघायची, घासायची, पुन्हा बघायची. एकदाची खाच पडली तेव्हा तिला हलकं वाटलं: आता ही बॅट जगात कुणी विकत घेणार नाही. लाल रबर गोंदानं चिकटवलं, कात्रीनं कडेकडेनं कापलं, आणि जुनी नि नवी शेजारी ठेवली. डोळे मिटून चाचपली तर फरक कळत नव्हता. वडील बघते तर काय म्हणाले असते, हा विचार तिनं येऊ दिला नाही.

गुरुवारी जेवणाच्या वेळेनंतर घंटी वाजली. दारात तोमी. अंगात दोन मापं मोठा कोट, हातात सफरचंदांची पिशवी. घंटीचा आवाज झाला तशी ती दचकली, वर बघितलं, आणि मग हसली.

"काय गं किनू, म्हातारी झालीस की!"

"आरशात बघून आलीस वाटतं."

"आरसा कुठला बाई. त्यावर पांघरूण घातलंय मी."

"बरं केलंस. आरशाला तरी सुख."

दोघी स्टोव्हपाशी बसल्या. किनुएनं हिरवा चहा ओतला, नोझावानाच्या पाल्याचं लोणचं पुढे ठेवलं. तोमीनं एक घास घेतला आणि म्हणाली, "आंबट झालंय."

"मार्चात आंबट होणारच. वाट बघत होतं तुझी."

तोमीनं कप दोन्ही तळव्यांत धरला होता. किनुएनं ते बघितलं, पण मनावर घेतलं नाही; बाहेर थंडी होती. तिला धीर धरवत नव्हता. लहान मुलगी खाऊ दाखवते तशी ती उठली आणि पाठीमागे लपवून बॅट आणली.

"धर."

तोमी बघत राहिली. लाल रबर, कोऱ्या लाकडाची कड, तिच्यातली काळी-पिवळी रेघ. "अगं... तू केलीससुद्धा?"

"केली. मिलिमीटरचा फरक नाही. धर तर."

तोमीनं डाव्या हातात घेतली. क्षणभर बोट कुठे घालावं हे तिला सापडेना. मग उजव्या हातानं तिनं ते बोट दाबून खाचेत बसवलं.

"छान झालीय," ती म्हणाली.

"चल मग!"

मागच्या खोलीत किनुएनं टेबलावरचं कापड घाईघाईनं ओढून काढलं. तिनं चेंडू टाकला, अगदी हळू, शाळकरी पोरीला टाकावा तसा. तोमीनं मारला. नेटमध्ये. दुसरा टाकला. तो बाहेर. तिसऱ्याला बॅटच हातात फिरली आणि चेंडू कडेला लागून छताकडे गेला. तोमी हसली. किनुएही हसली. मग आणखी टाकले, आणखी, आणि हळूहळू दोघींचंही हसणं थांबलं. चेंडू जमिनीवर घरंगळत राहिले. उचलायला कुणी वाकलं नाही.

"सराव गेलाय नुसता," किनुए म्हणाली. "रोज ये. मी चेंडू टाकते. स्पर्धेला अजून वेळ आहे..."

"कुठली स्पर्धा?"

"नावं दिलीत मी. आपली दोघींची."

तोमीनं बॅट टेबलावर ठेवली. "किनू, हे बोट आता असंच आहे गं."

तिनं हात पुढे केला. पहिल्या बोटाच्या मधल्या पेराला सुपारीएवढी गाठ आली होती. शेवटचं पेर वाकडं होऊन बाहेर गेलं होतं. अंगठ्याचं मूळ सुजून जाडजूड झालं होतं. तोमीनं बोट वळवून दाखवलं. ते निम्मं वळलं आणि थांबलं.

"डॉक्टर म्हणाले, यापुढे नाही वळणार. सासूबाईंना उठवा, बसवा, कूस बदला. त्या काही हलक्या नव्हत्या. वरून फांद्या छाटायच्या. हातच तो, किती सोसेल?"

"तू फोनवर कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? दर वेळी तुझं एकच, कधी येतेस, कधी येतेस. मला बरं वाटायचं हं, खोटं नाही सांगत. कुणीतरी वाट बघतंय म्हणून त्या घरात दिवस काढले मी. पण तू वाट बघत होतीस ती चव्वेचाळीसची तोमी, पायांत भिंगरी लावलेली. ती कुठून आणू?"

"मग आलीस कशाला?"

शब्द तोंडातून गेला आणि किनुएला वाटलं, जीभ चावावी. तोमी चिडली नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. ती भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"बसायला आले," ती म्हणाली. "घरात आता वेळच वेळ आहे. पण बसलं की वाटतं, हाक येईल. त्यांच्या उशाशी घंटी असायची ना, छोटी. कूस बदलायची झाली की वाजवायच्या. दिवसा, रात्री, कधीही. आता त्या नाहीत, पण डोळा लागला रे लागला की मला ती ऐकू येते. तीन महिने झाले, धड झोपले नाही मी. म्हटलं किनूकडे जाऊन बसावं. तिथे मला कुणी उठवणार नाही."

किनुए टेबलाची कड धरून उभी राहिली. इतकी वर्षं तिनं एका बॅटीवर धूळ बसू दिली नव्हती, आणि ज्या हातासाठी ती ठेवली त्या हाताचं काय झालं हे एकदाही विचारलं नव्हतं. वडिलांचा नियम लाकडापुरताच नव्हता म्हणायचा. तिला रडू येईल असं वाटलं, पण रडण्याइतकीही उमेद नव्हती. ती आत गेली आणि कानस, पॉलिश पेपर, बारीक पातं आणि स्टूल घेऊन आली.

"हात दे इकडे."

"आता काय करतेस?"

"जे काल तुझ्या बोटाशिवाय करायला नको होतं ते. बोट ठेव. ओढू नकोस, वळवू नकोस. त्याला जसं राहायचंय तसं राहू दे."

तोमीनं बोट ठेवलं. ते विळखा घालत नव्हतं, मुठीवरून तिरपं, जवळजवळ सरळ जात होतं. किनुएनं पेन्सिलीनं गाठीभोवती रेघ मारली आणि घासायला लागली. घासायचं, फुंकायचं, बोट ठेवून बघायचं, पुन्हा घासायचं. बुचाची एक अख्खी बाजू गेली. खाच खोल झाली, बेढब झाली. वडिलांनी असली खाच उभ्या जन्मात पाडली नसेल. लाकूड निमूट झिजत होतं. पण कानस काळ्या-पिवळ्या रेघेला भिडली तशी अडली. कार्बनचा काळा भुगा पडला. पिवळा धागा मात्र कापला जाईना. तो पिंजला, त्याचं जाळं उभं राहिलं, पेपर लावला की आणखी फुलायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत.

"टोचतंय गं," तोमी म्हणाली.

"टोचणारच. हट्टी आहे मेला."

त्याच वेळी पुढे घंटी वाजली. तोमी ताडकन उठून उभी राहिली. चेहरा पांढरा, पाय दाराकडे वळलेले. मग कुठे आहोत हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती ओशाळून पुन्हा बसली. किनुएनं ते सगळं बघितलं.

हायामिझु-सान आले ते हात धुवायलाही विसरले. स्टूल, भुसा, किनुएच्या हातातली कानस आणि तिच्याखालची कामोशिका, हे एकेक करून त्यांच्या डोळ्यांत शिरलं. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. आयुष्यभर त्यांनी तो दुसऱ्यांच्याच घशातून ऐकला असेल.

"हे... हे काय केलंत तुम्ही?"

"खाच," किनुए म्हणाली. "ही तोमी. तोमी, हे हायामिझु-सान. तुझ्या बॅटीचे आशिक."

"अगबाई! मग बसा ना," तोमी म्हणाली. "सफरचंद खाणार?"

ते बसले. उभं राहवत नव्हतंच. किनुए पुन्हा घासायला लागली तसे ते मान फिरवायचे, पण बघितल्यावाचूनही राहवेना. धागा तिसऱ्यांदा पिंजला तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"अहो, घासू नका तो! घासून जात नाही तो धागा. ताणून धरायचा आणि मुळाशी कापायचा." त्यांनी बॅग उघडली आणि हिरडीचे टाके कापायची असावी तशी एक बारीक, वाकड्या टोकाची कात्री काढली. मग हातमोज्यांसाठी खिसा चाचपला. थांबले. मोजे घालून ती कात्री चालवता येत नव्हती. त्यांनी तसाच, उघड्या हातानं, कामोशिकाचा खांदा धरला, आणि मान खाली घालून एकेक धागा कापत गेले. किनुए दिवा धरून उभी राहिली. तोमीनं बोट थोडं बाजूला घेतलं होतं, रोगी जीभ बाजूला घेतो तसं.

"गरम आहे," काम संपल्यावर ते म्हणाले.

"हातात होती ना इतका वेळ," तोमी म्हणाली. "गरमच असणार."

बॅट तोमीच्या हातात देताना त्यांनी अंगठा क्षणभर लाकडावर ठेवला, आणि मग आपल्या हाताकडे बघितलं. उठता उठता त्यांची नजर फळीवर गेली.

"ओरिहारा-सान, तो खोका..."

"कुठला?"

"रिकामा खोका. त्यावरची चिठ्ठी मूळची आहे. कोपरेसुद्धा दबलेले नाहीत. तुम्हाला नको असेल तर..."

तोमी आधी हसली, मग किनुए. त्या दोघी हसताना बघून तेही कसनुसे हसले, पण हात पुढेच होता. किनुएनं खोका झटकून त्यांना दिला. त्यांनी तो धुतलेल्या रुमालात गुंडाळला, छातीशी धरला, दोघींना खाली वाकून नमस्कार केला आणि गाडी गाठायला गेले. पुन्हा घंटी. पुन्हा तोमीचे खांदे उडाले.

किनुएनं कापलेल्या कडेवर पातळ सुती पट्टी गुंडाळली. तोमीनं बॅट धरली. या वेळी उजव्या हाताची मदत लागली नाही. गाठ खोल खाचेत जाऊन बसली.

"मारायचेत दोन?" किनुएनं विचारलं.

"मारू. जरा बसते आधी."

"बस. आणि ती नावं मी उद्या मागे घेते."

"रागावलीस?"

"नाही गं. दमलेय. तूही दमलीयस. दमलेल्या बायकांनी कुठे प्रांताला रडवायचं? दुकान बंद होईल, पण टेबल काही कुठे जात नाही. वाटेल तेव्हा ये. बस. मनात आलं तर मार दोन चेंडू, नाही आलं तर राहिलं."

"बरं," तोमी म्हणाली, आणि मान मागे भिंतीला टेकवली.

किनुए चहा गरम करायला आत गेली. किटली चढवली, तोमीच्या पिशवीतलं एक सफरचंद चिरलं, बशीत फोडी मांडल्या. बाहेर आली तर तोमीचं तोंड किंचित उघडं होतं, श्वास लांब आणि जड येत होता. डावा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला लोंबत होता. मूठ सुटली होती, बोटं सैल पडली होती. आणि बॅट खाली पडली नव्हती. ती सुजलेली गाठ खाचेत अडकली होती आणि तिच्या आधारानं बॅट लाल बाजू बाहेर करून स्वस्थ लटकत होती.

किनुए बशी हातात घेऊन किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. मग किटलीचं झाकण हलायला लागलं, तशी ती लगबगीनं आत जाऊन आच बंद करून आली. स्टूल उचललं, चवड्यांवर चालत दारापाशी नेलं आणि वर चढली. गुडघे कुरकुरले. तिनं घंटीचा लोलक दोन बोटांत घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं ती आकड्यावरून काढून घेतली. वडिलांच्या वेळेपासून ती तिथे होती. काढली तेव्हा आकड्याखाली भिंतीवर तिचा गोल डाग तेवढा राहिला.

मग ती तोमीच्या समोर येऊन बसली, घंटी मुठीत तशीच दाबून. समोरच्या टेबलाखाली चेंडू विखुरले होते. ते उचलायचे होते, पण एखादा हातातून निसटला तर आवाज होईल म्हणून तिनं ते तसेच राहू दिले.